कर्डे, जातेगाव आणि आमचा कट्टा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘उद्योजक’ नावाचा एक गृहस्थ असतो. तो भूमी, श्रम आणि भांडवल यांची सांगड घालतो, धोका पत्करतो आणि पान उलटायच्या आत नफा घेऊन निघून जातो. त्याला जात नसते, गाव नसते, सोयरेधायरे नसतात. मामलेदार कचेरीत त्याचे काम कधी अडत नाही. परीक्षेपुरता हा गृहस्थ फार सोयीचा आहे. मात्र शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत वाढलेल्या आम्हा मुलांना तो अद्याप कुठे भेटलेला नाही. आम्ही पाहतो ते गुऱ्हाळवाले, आडतदार, टँकरवाले, कंपनीला मजूर पुरविणारे ठेकेदार. यांच्यापैकी कोणाचाही धंदा त्याच्या जातीपासून, भावकीपासून आणि पुढाऱ्यापासून वेगळा काढून दाखवता येणार नाही. आम्ही शिकतो मात्र ते वेगवेगळे काढूनच. समाज एका तासाला, राजकारण दुसऱ्या, उद्योजक तिसऱ्या. घंटा झाली की एक बाहेर, दुसरा आत!

गंमत अशी, की या तिन्हींचा एकत्र विचार करणारे संशोधन आमच्याच मातीवर झालेले आहे, आणि आमच्यापैकी फारच थोड्यांना ते ठाऊक आहे.

शिरूर तालुक्यातील कर्डे हे गाव घ्या. डिसेंबर १८७४ मध्ये तेथील कालुराम नावाच्या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांच्या कर्जापायी हुकूमनामा मिळवून घर पाडण्यास सुरुवात केली. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हाव्याने दाढी करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, कोणी घरकामाला जायचे नाही. ही लाट गावोगाव पसरली आणि १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारच्या दिवशी दंगा उसळला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे प्रसिद्ध आहेत ते हेच. तीसहून अधिक गावे, ९५१ लोकांना अटक. जमावाला हवी होती ती सावकाराची खते आणि रोखे. ते हाती आले की त्यांची होळी होई.

त्या कागदांत एवढे काय होते? १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षे ठरविली. व्याज साचत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. सावकाराने त्यावर साधी युक्ती काढली. दर तीन वर्षांनी जुने खत फाडायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे आणि नव्या खतावर कुणब्याचा अंगठा घ्यायचा. कायदा कुणब्याच्या बाजूने, कागद सावकाराच्या बाजूने, आणि न्यायालय कागद पाहणारे! त्यातच अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला, आणि १८६७ नंतरच्या फेरपाहणीत शेतसारा वाढला. सावकाराने हात आखडता घेतला, आणि वसुली तेवढी चालू राहिली.

परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती चौकशी आयोगाने नोंदविलेली एक गोष्ट. मार बसला तो जवळजवळ सर्वस्वी मारवाडी आणि गुजर सावकारांना. ज्या गावात ब्राह्मण वा अन्य जातीचे सावकारही तोच धंदा करीत होते, तेथेही बहुधा त्यांना कोणी हात लावला नाही. व्याज सारखेच, खत सारखेच. मग राग निवडक का?

हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या कट्ट्यावर निघाला. कट्टा म्हणजे ग्रंथालयामागचा पार. घोडनदीच्या व्यापारी घरातला एक मित्र त्या दिवशी आमच्यात होता. शेतकऱ्यांची पोरे तावातावाने बोलत होती आणि तो शेंगा सोलत गप्प बसला होता. थोड्या वेळाने तो एवढेच म्हणाला, “आमच्या पणज्याचा पणजा इथंच मेला. आणखी किती वर्षं आम्ही बाहेरचे?” कोणालाच उत्तर सुचेना. मग एकाने दुसरी बाजू काढली, की बाबासाहेब देशमुख हा तरी साधा कुणबी कुठे होता? तो वतनदार. घसरणीला लागलेल्या मोठ्या घराचा राग अख्ख्या गावाचा राग झाला, आणि गावही त्यामागे गेले. हे आजच्या किती आंदोलनांना लागू पडते, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे! वर्गात अशी चर्चा झाली असती का? मला शंका आहे. वर्गात उत्तर टिपून घ्यायचे असते. पारावर उत्तर नसले तरी चालते.

आणि विद्वानांचे तरी एकमत कुठे आहे? रवींदर कुमार यांनी १९६८ च्या ग्रंथात रयतवारीने आणि नव्या न्यायालयांनी गावातील जुने नाते कसे उसवले, वाण्याचे बळ कसे वाढले, याची मांडणी केली. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मध्ये या दंग्यांचे माहात्म्य म्हणजे एक मिथकच आहे असा निर्वाळा दिला. त्यांच्या मते उठाव लहान होता. मला हे दुसरे मत पटत नाही. दंगा लहान असेल, पण त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षक कायदा झाला. खतावरील आकडा डोळे मिटून न मानता त्यामागचा व्यवहार पहिल्यापासून तपासण्याचा अधिकार या कायद्याने न्यायाधीशाला दिला. सावकार मग गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेऊ लागले, ही गोष्ट निराळी.

दुसरे गाव जातेगाव बुद्रुक, हेही शिरूर तालुक्यातले. डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि ना. वि. कानिटकर यांचा या जिरायती गावाचा अभ्यास मुंबई विद्यापीठाने १९२१ साली प्रसिद्ध केला. त्याआधी १९१७ साली मॅन यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास केला होता. तेथे १७७१ साली सरासरी धारणक्षेत्र चाळीस एकर होते, ते १९१४-१५ पर्यंत सात एकरांवर आले. पिंपळे सौदागरात आज उंच इमारती उभ्या आहेत. एकराची भाषा तेथे कोणी बोलत नाही. घरोघर जाऊन जमीन, कर्ज, जमा आणि खर्च मोजण्याची ही पद्धत देशात नवी होती. पण ज्या जातेगावकरांनी आपल्या घरचे देणे परक्या साहेबाला सांगितले, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या हाती ते पुस्तक मराठीत पडलेले मी तरी पाहिलेले नाही. माहिती गावातून गेली. परत आली नाही.

संशोधन आपला समज कसा मोडते, याचा मासला शेजारच्या नीरा कालव्यावर सापडतो. श्रीमंत अधिक श्रीमंत आणि गरीब अधिक गरीब, हे वाक्य आपण सारे तोंडपाठ म्हणतो. डोनाल्ड अॅटवूड या मानवशास्त्रज्ञाने तेथील एका गावातील कुटुंबांच्या जमिनीचा १९२० ते १९७० असा मागोवा घेतला. त्याला आढळले, की गरिबांपैकी काही वर चढले होते आणि मोठ्या धारकांपैकी काही खाली आले होते. सासवडचे माळी तर दुसऱ्याच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवीत होते. पुढे त्यांनीच माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. आता उद्योजक म्हणजे काय, हे मला या माळ्यांवरून जितके कळते तितके व्याख्येवरून कळत नाही. अर्थात पाणी आले म्हणून हे घडले. जिरायती जातेगावला हाच हिशेब लावला तर काय निघेल, ते कोणी तरी पाहायला हवे.

पाहणारे आपणच का असू नये? दरवर्षी प्रकल्प म्हणून आपण वही भरतो. ती बहुधा मागल्या वर्षीच्या वहीवरून उतरलेली असते, हे गुरुजनांनाही ठाऊक आहे. त्याऐवजी रांजणगाव आणि कुरकुंभच्या वसाहतींसाठी जमीन गेलेल्या दहा घरांना विचारावे. मोबदल्याचे काय झाले? मजुरांचा ठेका कोणाला मिळाला, भंगाराचा कोणाला, आणि तो कोणाचा कोण लागतो? केडगावच्या बाजूला गुऱ्हाळांवर चुलवाणासमोर उभा असलेला कामगार कुठल्या प्रांताचा आहे, आणि गाव त्याला ‘बाहेरचा’ म्हणते का? काढलेली माहिती त्याच गावच्या पारावर वाचून दाखवावी आणि लोक जे खोटे म्हणतील तेही वहीत लिहावे. सुरुवात जातेगावच्या ग्रंथातील एखाद्या प्रकरणाच्या मराठी अनुवादाने करता येईल. इंग्रजी विभागातील दोघींनी त्याला होकार दिला आहे. ग्रंथालयाने पुण्याहून प्रत मिळवून द्यावी, एवढीच विनंती.