प्रिंटरचे ड्रायव्हर जाणार, मग जुन्या प्रिंटरचं काय? पीपीडी फाइलची गोष्ट

गेल्या आठवड्यात मामाचा फोन आला. तालुक्याच्या कोर्टासमोर त्याचं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. "काय रे, विंडोज म्हणे प्रिंटरचे ड्रायव्हर बंद करतंय. माझा लेझर प्रिंटर भंगारात टाकायचा का?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरासाठी जरा मागं जावं लागेल.

काही वर्षांपूर्वी मामाच्या दुकानात एक अडचण होती. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार यांसाठी आपल्याकडे जो लीगल कागद मिळतो तो बहुतेक वेळा २१५ बाय ३४५ मिलिमीटरचा असतो. अमेरिकन लीगल त्याहून लांब, म्हणजे जवळपास ३५६ मिलिमीटर. प्रिंटरच्या यादीत फक्त अमेरिकन लीगल होता. त्यामुळे खालची ओळ, म्हणजे नेमकी सहीची जागा, कागदाबाहेर जायची. दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं, म्हणून मी पीपीडी फाइल उघडली.

पीपीडी म्हणजे काय?

पूर्ण नाव पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर डिस्क्रिप्शन. ही अडोबीची कल्पना आणि तिची ४.३ आवृत्ती १९९६ सालची. ही साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. प्रिंटरला कुठले कागद चालतात, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, किती ट्रे आहेत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रिंट देताना जी खिडकी उघडते, त्यातले पर्याय इथूनच येतात.

नवा कागद घालायचा तर चार ठिकाणी ओळ वाढवायची: पेजसाइझ, पेजरीजन, इमेजेबलएरिया आणि पेपरडायमेन्शन. मापं मिलिमीटरमध्ये नसतात, पॉइंटमध्ये असतात. एका इंचात ७२ पॉइंट. म्हणजे ए४ होतो ५९५ बाय ८४२ आणि आपला लीगल साधारण ६०९ बाय ९७८. इमेजेबलएरियामध्ये कडेची जागा सोडून छापता येणारा भाग द्यायचा. मी चारही बाजूंनी १२ पॉइंट, म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास जागा सोडली. मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवली, आणि शेवटी कप्सटेस्टपीपीडी या कमांडने चुका तपासल्या. सही कागदावर आली!

मग ही फाइल का जाते आहे?

कारण तुमच्या हातातला फोन. फोनमध्ये कोण ड्रायव्हर टाकत बसणार? ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणलं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया अलायन्स काढली. अँड्रॉइड ८ पासून प्रिंटची सोय फोनमध्येच आली. या सगळ्यामागे आयपीपी नावाचा प्रोटोकॉल आहे. फोन प्रिंटरला विचारतो, "तुला काय काय जमतं?" आणि प्रिंटर स्वतः यादी देतो. वेगळी फाइल लागतच नाही.

कॉम्प्युटरही आता त्याच वाटेनं निघालेत. लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे छपाई सांभाळणाऱ्या कप्सच्या ३.० आवृत्तीत पीपीडी नसेल, असं ठरलंय. मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की इतर कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं टप्प्याटप्प्याने थांबेल. वेळापत्रकानुसार १ जुलै २०२६ पासून विंडोज स्वतःच्या आयपीपी ड्रायव्हरला पसंती देणार, आणि १ जुलै २०२७ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून बाकी अपडेट बंद.

सुरक्षेचं कारण खोटं नाही. २०२१ मध्ये विंडोजमध्ये प्रिंटनाइटमेअर सापडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सच्या छपाईतल्या त्रुटी उघड झाल्या आणि तिथे तर पीपीडीच मध्ये होती. खोटा प्रिंटर आपली माहिती पाठवायचा, ती न तपासता पीपीडीत लिहिली जायची आणि प्रिंट देताच त्यातली कमांड कॉम्प्युटरवर चालायची. जी फाइल मला सहज बदलता आली, ती चोरालाही वापरता आली.

माझं मत

फोनवाल्यांचा फायदा स्पष्ट आहे, मी नाकारत नाही. पण एक गोष्ट हातातून जाते. आधी प्रिंटरबद्दलची माहिती माझ्या कॉम्प्युटरवर होती, मी ती दुरुस्त करू शकत होतो. आता ती प्रिंटरच्या आत असते. कंपनीनं यादीत आपला लीगल कागद दिला नाही, आणि मनाजोगत्या मापाची मुभाही दिली नाही, तर ओळ वाढवायला फाइलच नाही. कंपनीनं फर्मवेअर अपडेट द्यायची वाट बघायची. मोठ्या ऑफिसला हे चालेल. कोर्टासमोरच्या एका टेबलाच्या दुकानाला अवघड आहे.

अर्थात दार अगदी बंद नाही. लिनक्सवर प्रिंटर ॲप्लिकेशन नावाचे छोटे प्रोग्राम आलेत. ते जुन्या प्रिंटरला नव्या प्रिंटरसारखं बोलायला लावतात. त्यातल्या पोस्टस्क्रिप्टवाल्या प्रोग्राममध्ये स्वतःची पीपीडी टाकताही येते. म्हणजे मी केलेला बदल तिथे जगू शकतो.

मग मामाला काय सांगितलं?

"मामा, प्रिंटर टाकू नकोस. बसवलेला ड्रायव्हर चालत राहील, कंपनीच्या साइटवरूनही टाकता येतो. फक्त दोन कामं कर. ड्रायव्हरची फाइल आणि आपली बदललेली पीपीडी पेनड्राइव्हवर ठेव. आणि नवा प्रिंटर घेशील तेव्हा दुकानदाराला वायफाय आहे का एवढंच विचारू नकोस. इंडियन लीगल किंवा कस्टम साइझ आहे का, ते आधी बघ. फोनवरून एक लीगल पान तिथेच छापून घे."

मामा म्हणाला, "म्हणजे सही कागदावर येते का बघायचं." बरोबर, तेवढंच बघायचं. तुमच्या घरी किंवा दुकानात जुना प्रिंटर असेल तर तुम्हीही आजच ती फाइल जपून ठेवा.