नुसतं पाहायला जाण्याचा हक्क

"त्या खड्ड्यात का हाय पाहाले?" आमच्या गटातल्या अकराजणींनी लोणारला जायचं ठरवलं, तेव्हा बहुतेक घरांतून हाच प्रश्न आला. कमळजा देवीच्या दर्शनाला जातो म्हटलं असतं, तर कुणी हरकत घेतली नसती. नवरात्रात बायका त्याच विवरात उतरतात, त्याच देवळापर्यंत जातात. देव, लग्न, माहेरचं आजारपण ही कारणं बाईला चालतात. 'मला पाहायचंय' हे कारण चालत नाही.

वाशीमहून रिसोडमार्गे निघालो. सोयाबीन-तुरीची शिवारं मागे पडली की मध्ये मध्ये उघडे माळ लागतात आणि काळा दगड दिसतो. हा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हा. म्हणूनच लोणारचं विवर हे विझलेल्या ज्वालामुखीचं तोंड आहे, असं पुष्कळ काळ अभ्यासकही म्हणत. १९७० च्या दशकात तिथे खोल छिद्रं घेतली गेली. प्रचंड धक्क्याने काचेसारखी झालेली खनिजं सापडली आणि खड्डा उल्केच्या आघाताने पडला हे सिद्ध झालं. दगड ज्वालामुखीचा, खड्डा उल्केचा! सुमारे १.८ किलोमीटर रुंद, काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल, तळाशी खारं पाणी. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी खारटपणात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

काठावर उभं राहून हे सांगत होते, तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे आपल्या वावरातली काळी मातीबी याच दगडाची?" होय, याच दगडाची. चाळीस वर्षं त्या मातीत निंदण-खुरपण केलेल्या बाईला ती माती कुठून आली हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते विचारायची सवडही मिळाली नव्हती.

काहीजणी म्हणतील, मजुरी बुडवून सहली कसल्या करता? प्रश्न रास्त आहे. आमच्यातल्या सहाजणींची त्या दिवसाची मजुरी बुडाली. पण गावातले पुरुष मॅच पाहायला, जत्रेला, नुसतं चौकात बसायला वेळ काढतात, तेव्हा त्यांच्या मजुरीचा हिशोब कोण मांडतं? एसटीने मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं, ते चांगलंच झालं. पण तिकीट अर्धं झालं म्हणून घरातलं काम अर्धं होत नाही. निघण्याआधी प्रत्येकीने पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक करून ठेवला होता. आणि वाटेत बाईला जाता येईल असं स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आम्हाला एकही सापडलं नाही. सकाळपासून बहुतेकजणींनी पाणीच पिलं नव्हतं. याला आपण प्रवास म्हणायचं का?

मैत्रिणींनो, थोडं आपल्याकडेही पाहू या. आपल्या संघटना बायकांना मोर्चाला नेतात, शिबिराला नेतात, ८ मार्चच्या मेळाव्याला नेतात. ते हवंच. पण नुसतं पाहायला, हिंडायला, काठावर बसून गप्पा मारायला आपण त्यांना कधी नेलं? बाई घराबाहेर पडली की कामासाठीच, मग ते काम चळवळीचं का असेना, हे आपणही धरूनच चाललो आहोत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस असा ठरवावा, ज्याला देवाचं किंवा कामाचं निमित्त नसेल. त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा. आणि रस्त्यावरच्या स्वच्छतागृहाची मागणी आपल्या पुढच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर असावी.

परतताना मावशींनी काळ्या दगडाचा प्रश्न पुन्हा काढला. त्यांना आता वेरूळ पाहायचंय. तेही त्याच दगडात कोरलेलं आहे, असं मी त्यांना सांगितलं आहे.