नायट्रेट कोणाचे, त्याआधी पाणी कोणाचे

अहिल्यानगरच्या सावेडी किंवा केडगावातल्या एखाद्या बोअरच्या नमुन्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडते. आपण अहवालात लिहितो, ‘सांडपाणी अथवा रासायनिक खतांमुळे’. अशा अहवालाचा कुणालाच उपयोग होत नाही. महापालिकेने गटार खणायचे की शेजारच्या कांद्याच्या रानातला युरिया कमी करायला सांगायचे, हे त्यातून ठरत नाही. म्हणून समस्थानिकांकडे वळणारे सहकारी वाढत आहेत, आणि ते योग्यच आहे. घाई मात्र नायट्रोजन-१५ मोजण्याची होते. अहिल्यानगरसारख्या शहरात सुरुवात तिथून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारखान्यातल्या खताचे नायट्रोजन-१५ चे डेल्टा मूल्य शून्याच्या आसपास असते. मैल्यातून आणि शेणातून हलका नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने उडून जातो, म्हणून त्यापासून बनलेले नायट्रेट बहुधा प्रति हजार +१० ते +२० दरम्यान सापडते. कागदावर फरक स्वच्छ दिसतो. १९७१ साली कोल, शिअरर आणि कॉमनर यांनी याच आधारावर इलिनॉयमधल्या सँगमन नदीतले निम्म्याहून अधिक नायट्रेट खतांचे असल्याचे ‘सायन्स’मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी मृदाशास्त्रज्ञांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतले, कारण जमिनीतला मूळचा नायट्रोजन या दोन टोकांच्या मधे बसतो आणि हिशेब बिघडवतो. आपल्याकडे अडचण आणखी मोठी आहे. आपल्या काळ्या, चुनखडीयुक्त, विम्ल जमिनीत युरियाचा अमोनियाही उडतो, म्हणजे खताचे मूल्यही वर सरकते. रानात शेणखत पडतेच. जलधरात ऑक्सिजन कमी असेल तर विनायट्रीकरणाने उरलेले नायट्रेट आणखी जड होते. त्यामुळे +१२ हा आकडा पाहून ‘सांडपाणी’ असा शिक्का मारणे धाडसाचे आहे. परदेशी तक्त्यातल्या मर्यादा इथे जशाच्या तशा लावू नयेत.

या शहराला मात्र एक सोय आपसूक मिळालेली आहे. पिण्याचे पाणी येते बारागाव नांदूरच्या मुळा धरणातून, विळदमार्गे वसंत टेकडीवर. हे पाणी पडते हरिश्चंद्रगड-रतनगडाच्या परिसरात, आणि पुढे उघड्या जलाशयात उन्हाळाभर तापते. बाष्पीभवनात हलके रेणू आधी जातात, ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम मागे साचतात. आलेखावर असे पाणी पर्जन्यरेषेपासून सुटून कमी उताराच्या रेषेवर जाते. शहरात थेट मुरलेला पर्जन्यछायेतला पाऊस पर्जन्यरेषेजवळ राहील, अशी अपेक्षा धरता येते. मुळेचे मोठे कालवे राहुरी-नेवासे भागात जातात, शहराच्या पोटात नाहीत. तेव्हा शहरातल्या बोअरमध्ये धरणाच्या पाण्याची खूण सापडली, तर ते गळक्या जलवाहिनीतून, शोषखड्ड्यातून किंवा गटारातून उतरले असण्याची शक्यता प्रबळ ठरते. सोबत क्लोराइड आणि नायट्रेटही चढे असेल तर संशय जलवाहिनीवरून मैलापाण्याकडे सरकतो. नेवाशाच्या उसाच्या पट्ट्यात मात्र ही युक्ती चालणार नाही, कारण तिथे रानाखालीही धरणाचेच पाणी आहे.

पाण्याची समस्थानिके लेझर यंत्रावर नायट्रेटच्या समस्थानिकांपेक्षा पुष्कळ कमी खर्चात मोजता येतात. म्हणून आधी पाणी बघावे, आणि मग निवडक ठिकाणी नायट्रोजन व ऑक्सिजन अशी नायट्रेटची दोन्ही समस्थानिके मोजावीत. विनायट्रीकरण झाले असेल तर ती दोन्ही एकत्र चढताना दिसतात.

नमुन्याविषयी थोडे कठोर बोलायला हवे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये एकच बोअर मुरूम, मांजऱ्या आणि खालच्या कातळातल्या भेगा अशा सगळ्यांना छेदून जातो. केसिंग वरच्या काही फुटांपुरते असते, आणि बाजूने उतरलेले मैलापाणी खोल पाण्यात मिसळते. अशा नमुन्यात ट्रिटियम मोजून ‘पाण्याचे वय’ सांगणे म्हणजे सरासरीला वय म्हणणे आहे. बोअरची खोली, केसिंगची लांबी, शोषखड्ड्याचे अंतर यांची नोंद नसेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवूच नये. बाटली काठोकाठ भरावी, हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, नाहीतर बाष्पीभवन बाटलीतच घडते. नायट्रेटचा नमुना जागेवर गाळून गोठवावा.

संगमनेर परिसरातल्या विहिरींचे रसायन आपल्या भूशास्त्रज्ञांनी तपासले आहे. १९९५ साली पवार आणि शेख यांनी दख्खनच्या उथळ जलधरांतल्या नायट्रेटवर शोधनिबंध लिहिला. त्या पायावर समस्थानिकांची भर घालण्याची सुरुवात पावसापासूनच करावी लागेल. भूजल सर्वेक्षण यंत्रणा, महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून यंदा जूनपासून महिन्याला एक नमुना शहरातल्या पावसाचा आणि एक मुळा धरणाचा ठेवावा. मोजणीसाठी रुरकीची राष्ट्रीय जलविज्ञान संस्था आणि मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्याकडे या कामाचा दीर्घ अनुभव आहे. वर्षभराची ही मालिका हाती आल्याशिवाय शहरातल्या एकाही बोअरचा समस्थानिक-आकडा वाचता येणार नाही.