टायरची परीक्षा ओल्या रस्त्यावर

स्पोर्ट्स कारविषयी लिहिणारी युरोपातील मासिके टायरांच्या तुलना मोठ्या हौसेने छापतात. एकाच मोटारीवर निरनिराळ्या कंपन्यांचे टायर पाळीपाळीने चढवायचे, कोरड्या आणि ओल्या धावपट्टीवर ब्रेक लावून किती अंतरात गाडी थांबते ते मोजायचे, वळणावरची पकड पाहायची आणि शेवटी सर्वांचे गुण एका कोष्टकात मांडायचे, अशी ही पद्धत. प्रयोग म्हणून ती चांगलीच आहे. माझा आक्षेप आहे तो शेवटच्या बेरजेला. कोरड्यातील एक गुण आणि ओल्यातील एक गुण यांची किंमत सारखी नसते, आणि हे शाळेतील गतीच्या समीकरणांवरून कोणालाही सिद्ध करता येते.

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार घ्या. हा वेग सेकंदाला २७.८ मीटर होतो. थांबण्याचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला, घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचे. (चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ येथे धरलेला नाही, आणि घर्षणांकाचे आकडे गणिताच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण ते अवास्तव नाहीत.) कोरड्या रस्त्यावर एका टायरचा घर्षणांक १.० व दुसऱ्याचा १.१ असेल, तर अंतरे येतात ३९.४ व ३५.८ मीटर. फरक सुमारे साडेतीन मीटर. आता रस्ता ओला करा. एकाचा घर्षणांक ०.६, दुसऱ्याचा ०.७. अंतरे येतात ६५.६ व ५६.२ मीटर. फरक साडेनऊ मीटरच्या जवळपास! दोन्ही वेळी घर्षणांक ०.१ नेच वाढला; पण अंतर घर्षणांकाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे, जेथे पकड आधीच कमी आहे तेथे थोडीशी भरही मोठे काम करते.

आणखी एक हिशेब करून पाहा. १.० घर्षणांकाची मोटार जेथे पूर्ण थांबते, त्याच ठिकाणी ०.६ घर्षणांकाची मोटार किती वेगाने जात असेल? उत्तर ताशी ६३ किलोमीटर. हे उत्तर वर्गात काढून घ्यावे, असे मी शिक्षकांना सुचवीन.

मग दोन्हीकडे सारखाच उत्तम असा टायर का करीत नाहीत? कारण रबराची पकड दोन प्रकारची असते. एक, रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात. दुसरी, खडीच्या उंचसखलपणावरून जाताना रबर दबते व पुन्हा पूर्ववत होते, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही; काही उष्णतेच्या रूपाने जाते. पाण्याचा पातळ थर मध्ये आला की पहिली पकड बहुतेक नाहीशी होते आणि दुसरीवर भिस्त ठेवावी लागते. (रबराच्या बाबतीत ‘घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसते’ हा पाठ्यपुस्तकातील नियमही लंगडा पडतो. दाब वाढला की रबराचा घर्षणांक घटतो. शर्यतीच्या गाडीचे टायर रुंद असण्याचे हे एक कारण होय.)

कोरड्यात जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकावे, म्हणून खाचा नकोत. ओल्यात पाण्याला वाट हवी, म्हणून खाचा हव्यात. हे भांडण शर्यतीत उघड दिसते. फॉर्म्युला वनमध्ये १९९८ ते २००८ या काळात गाड्यांचा वेग आवरण्यासाठी कोरड्यातील टायरांनाही खाचा पाडणे सक्तीचे होते. २००९ मध्ये गुळगुळीत टायर परत आले. उलट पिरेली कंपनीचा भर पावसातील टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो, असे कंपनी सांगते. शर्यतीत पाऊस आला की काही सेकंदांत टायर बदलतात. रस्त्यावर ढग पाहून कोण टायर बदलणार?

तरीही शर्यतीचा हा थाट रस्त्यावर आला आहेच. मिशेलिनचा ‘पायलट स्पोर्ट ४ एस’ हा रोजच्या वापराचा वेगवान टायर; त्याच कंपनीचा ‘कप २’ हा धावपट्टीकडे झुकलेला, पण रस्त्यावर चालण्यास मान्यता असलेला. दुसऱ्याच्या बाहेरील कडेला रबर जवळजवळ सलग असते. कोरड्या वळणावर त्याचा फायदा मिळतो. साचलेल्या पाण्यात मात्र अशा टायरांनी जपून जावे, अशी सूचना मोटार कंपन्याच देतात. पाणी बाहेर पडू शकले नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. नासाच्या संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात विमानांच्या टायरांवर याचा अभ्यास केला. त्यांच्या सूत्राप्रमाणे दर चौरस इंचाला ३० पौंड हवा असलेला टायर खोल पाण्यात ताशी सुमारे ९० किलोमीटरला रस्ता सोडतो. मग तो कितीही महाग असो!

धावपट्टीवरच, कोरड्या दिवशी गाडी चालवणाऱ्याने कोरड्यातील गुण पाहावेत, हे मला मान्य आहे. पण सार्वजनिक रस्त्याला तो निकष लावू नये. सरकारी चाचण्यांनी तो लावलेलाही नाही. अमेरिकेत टायरवर पकडीचे जे अक्षर असते, ते ओल्या डांबरावर व ओल्या काँक्रीटवर काढलेले असते. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल लागते. त्यातही ओल्या पकडीची श्रेणी आहे, कोरड्या पकडीची नाही. ती काढताना सुमारे एक मिलिमीटर पाण्यात ताशी ८० वरून २० किलोमीटरपर्यंत वेग उतरवतात आणि एका ठरावीक प्रमाण टायरशी तुलना करतात, म्हणजे रस्त्यातील फरकाचा दोष टायरच्या माथी येत नाही.

लेबलावरील अक्षर मात्र नव्या टायरचे असते. खाचा झिजल्या की ते खोटे ठरू लागते. युरोपात खाचांची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. घरच्या किंवा शेजारच्या मोटारीच्या टायरवर हे पाहता येईल. टायरच्या बाजूला टी, डब्ल्यू, आय ही इंग्रजी अक्षरे किंवा लहानसा त्रिकोण शोधा. त्याच्या सरळ रेषेत, मुख्य खाचेच्या तळाशी रबराचा एक आडवा उंचवटा असतो. शेजारचे रबर त्या उंचवट्याच्या पातळीला आले असेल, तर पाऊस सुरू होण्याआधीच घरातील मोठ्यांना तसे सांगा.