बोटीचं इंजिन तासांवर निवडा

मुंबईहून मांडव्याला स्वतःच्या स्पीडबोटीने जाण्याची हौस असणारे आधी किंमत विचारतात, मग वेग. वर्षाकाठी इंजिन किती तास चालणार, हा प्रश्न राहूनच जातो. माझ्या मते तोच पहिला हवा. पावसाळ्याचे तीनेक महिने बोट बंद. उरलेल्या काळात पंचवीस रविवारी दोन-दोन तास, म्हणजे 50 तास. 150 अश्वशक्तीचं पेट्रोल आउटबोर्ड मध्यम वेगात ताशी साधारण 30 लिटर पितं. लिटरला 100 रुपये धरले तर वर्षाचं इंधन दीड लाखाचं. पण नांगरभाडं, विमा, खलाशाचा पगार, बुडाचा रंग हे बोट उभी असतानाही चालूच. सर्व्हिसिंगही 100 तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा.

डिझेलवाले म्हणतील, त्यांचं इंजिन कमी पितं, जास्त टिकतं. खरं आहे, म्हणून रोज धावणाऱ्या प्रवासी बोटीला ते शोभतं. वर्षाला 50 तासांत मात्र त्याची जादा किंमत वसूल होणं कठीण, आणि दुरुस्तीसाठी बोटीच्या पोटात उतरावं लागतं ते वेगळंच. आउटबोर्ड खाऱ्या पाण्याबाहेर उचलून ठेवता येतं, गोड्या पाण्याने धुता येतं. जुनं कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक हलकं नि स्वस्त, पण त्यातलं बरंचसं पेट्रोल न जळताच समुद्रात जातं. मासळीवर जगणाऱ्या किनाऱ्यावर ही बचत मला मान्य नाही. हौशी मालकाने फोर-स्ट्रोक आउटबोर्डच घ्यावं.