निदान ओरडायला तरी या!

रात्र जागून चॅम्पियन्स लीग बघता ना? मग आपल्याच कॉलेजची मॅच शेवटची कधी बघितलीत? भाईंदरहून पहाटेची लोकल पकडून आपली मुलं मॅचला जातात. सराव टर्फवर, भाडं वर्गणी काढून. वर अटेंडन्सची कटकट. टीवाय संपलं की निम्मी टीम गायब!

पैसा आला की सगळं सुटेल? २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेडही २०१० मध्ये बंद झाला. कंपनीने हात काढून घेतला, खेळ खल्लास.

कॉलेजची टीम टिकते ती नव्या पोरांवर. म्हणून कॉलेजांनी मॅचच्या दिवसाची हजेरी लावावी, एफवायवाल्यांची ट्रायल पहिल्याच महिन्यात घ्यावी. आणि तुम्ही? खेळता येत नसेल, तर निदान ओरडायला तरी या!