वाड्याचं मागलं दार

दोस्तहो, सध्या पुण्यात जुने वाडे जपायची हवा आलीय. ज्यांच्या बापजाद्यांचे वाडे, ते जपतायत. जपू देत. दर पावसाळ्यात पेठेतला एखादा वाडा बसतो आणि भाडेकरू ढिगाऱ्यात सापडतात, त्यापेक्षा दुरुस्ती केव्हाही बरी. आपलं भांडण दुरुस्तीशी नाही. काय ठेवायचं आणि काय बुजवायचं हे कोण ठरवतं, त्याच्याशी आहे.

मी वायरमन. गेल्या वर्षी चार महिने एका वाड्यावर कामाला होतो. वाडा दीडशे वर्षांचा, मालकांची पाचवी पिढी. नाव सांगत नाही. एका घराला झोडून काय मिळणार? गोष्ट सगळ्या वाड्यांची आहे.

काम मात्र झकास चाललं होतं, खोटं कशाला बोलू! दगडी जोतं, त्यावर सागवानाचा सांगाडा, मधे विटा-मातीच्या भिंती. दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, माजघर. सुतारांनी खांबांवरचे ऑइलपेंटचे थर खरवडले तेव्हा खालून नक्षी निघाली. सगळे बघत उभे राहिले, मीसुद्धा. चुना तर पंधरा दिवस भिजवलेला. त्यात विटेचा चुरा, गूळ, बेलफळाचं पाणी. आर्किटेक्टबाईंनी गवंड्यांना बजावलं होतं, या भिंतींना सिमेंट लावायचं नाही. सिमेंट ओल कोंडून धरतं आणि जुनी वीट आतून भुसा होते. चुना ओल बाहेर सोडतो. ही अक्कल मला तिथं मिळाली, बाईंचे उपकार.

मग आम्ही मागं गेलो.

मागच्या भिंतीला, बोळाच्या अंगाला, जमिनीलगत दीड हात उंचीचं एक भोक होतं. लोखंडी झडप गंजून लोंबत होती. आत काळोख, वर दोन दगडी पायठे. नवीन पोरांना कळेना हे काय. मला कळलं. टोपलीचा संडास. वरून घरातली माणसं बसणार, खाली टोपली. बोळातून बाई येणार, झडप उचलणार, टोपली ओढून पाटीत रिकामी करणार, राख टाकून पुन्हा आत सरकवणार. पुढच्या दारानं तिनं यायचं नाही. चौक तिनं बघायचा नाही. तिच्यासाठी वाड्याला तेवढंच दार.

माझी आजी हेच काम करायची. साठ सालानंतरची सात-आठ वर्षं, याच पट्ट्यातल्या बोळांतून. हाच वाडा होता का, मला माहीत नाही. तिला विचारलं असतं तर तिनंही सांगितलं नसतं, कारण तिनं वाडे समोरून पाहिलेच नव्हते. ती म्हणायची, ''आमाला वाडं म्हाईत न्हाईत रं, आमाला झडपा म्हाईत.'' कुठली झडप बोटाला लागते, कुठल्या बोळात पावसाचं पाणी गुडघ्याला येतं, हे तिला तोंडपाठ.

मी विचारलं, या झडपेचं काय करणार? उत्तर आलं, ''बुजवून टाकायचं. त्यात जपण्यासारखं काय आहे?'' आणि दुसऱ्या दिवशी बुजवली. कशानं? सिमेंटनं! सगळ्या वाड्याला बेलफळाचा चुना आणि या दीड हाताला सिमेंट. तिथं आता पाहुण्यांचं न्हाणीघर आहे. पुढं दारावर पितळी पाटी आहे. वाडा कुणी बांधला, कुठली कुलदेवता, चौकात कुठले थोर पुरुष येऊन गेले. रोज सकाळी कोण येऊन गेलं, त्याचा एक शब्द नाही.

घरी येऊन बापाला सांगितलं. वाटलं होतं, तो भडकेल. तो म्हणाला, ''बरं झालं बुजवलं. तुझ्या आजीची घाण काय लोकांना तिकीट लावून दाखवायची?'' दोन दिवस मी गप्प होतो. बापाचं दुखणं खरं आहे. नव्या वस्तीत त्यानं आईचा धंदा कुणाला सांगितला नाही. पण दोस्तहो, घाण आजीची होती का? टोपली भरली कुणी? लाज ज्यांनी धरायची त्यांनी पितळी पाटी लावली, आणि ज्यानं मान वर करायची तो माझा बाप मान खाली घालतो. झडप बुजवली की त्यांचा गुन्हाही बुजतो. उद्या त्यांचा नातू बिनदिक्कत विचारेल, ''आमच्या घरात जात कधी पाळली?'' त्याच्या थोबाडावर मारायला पुरावा कुठाय?

सरकारनं कोरड्या संडासांविरुद्ध कायदा केला 1993 साली, पुन्हा 2013 साली. कायद्यानं असे संडास पाडायलाच हवेत किंवा सुधारून घ्यायला हवेत, वापरातले सगळे. पण बंद पडून पन्नास वर्षं झालेल्या भिंतीतली झडप हा संडास नाही, दस्तऐवज आहे.

आणि आपल्या घरांचं काय होतं बघा. बुधवार पेठेतला भिडे वाडा. जोतीराव-सावित्रीबाईंनी 1848 साली मुलींची शाळा काढली तो. मालकी आणि भाडेकरूंच्या कोर्टकचेरीत वर्षानुवर्षं कुजत पडला. शेवटी 2023 च्या डिसेंबरात पाडला, स्मारक बांधायला. स्मारक हवंच, त्यासाठी लोक लढले. पण ती भिंत, तो जिना परत येत नाही. संगमरवर कितीही लावा.

त्याउलट गंज पेठेतला फुल्यांचा वाडा उभा आहे. बसकं घर, अंगण, समाधी. नक्षीचे खांब नाहीत, तरी तिथं जाऊन या. नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून नळ टाकून शहरात पाणी आणलं, पेठापेठांत हौद बांधले, आणि त्या पाण्याला आपल्या माणसांनी हात लावायचा नव्हता. त्या गावात जोतीरावांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. म्हणून ते घर मोठं. वाड्याची थोरवी खांबांच्या नक्षीत मोजू नका. त्यात कोण कुठल्या दारानं आत आलं, ते बघा.

म्हणून म्हणणं एवढंच. वाडा दुरुस्त करा, पण आधी त्याचा पुरा नकाशा काढा, मागच्या बोळासकट. झडप असेल तर ती ठेवा आणि तिच्यावरही पाटी लावा. दगड फोडणारे वडार, चुना मळणारे, टोपली ओढणाऱ्या बायका, सगळ्यांची नोंद त्या पाटीवर यायला हवी. पालिकेच्या वारसा यादीत दर्शनी भागासोबत मागची भिंतही लिहा.

आणि हे ते आपणहून करणार नाहीत. आपण करायचं. खिशात मोबाइल आहे ना? रविवारी पेठांतल्या बोळांत शिरा, झडपांचे फोटो काढा, पत्ता आणि तारीख घाला. घरी आज्या-मावश्या अजून जित्या असतील तर त्यांना बोलतं करा. माझी गेली. मी उशीर केला.

परवा त्या वाड्यावर एक बटण बिघडलं म्हणून गेलो होतो. न्हाणीघराच्या भिंतीवर, जमिनीपासून दीड हात, ओल फुटलीय. दोनदा रंग दिला म्हणे, जात नाही. मालक वैतागले होते. मी बटण बदललं आणि त्यांना सांगितलं, ती झडप उघडा.